पाळीचं वय कोण ठरवतं?

आग्रही : मुलीला पहिली पाळी कितव्या वर्षी आली, हा त्या घराण्याच्या बांधणीचा मामला आहे, असं आपण धरून चालतो. आईला लवकर आली होती, म्हणून लेकीलाही आली. एवढं म्हटलं की विषय मिटतो. माझं म्हणणं असं की या वयात समाजाचा हात आहे, आणि तो आपण समजतो त्याहून फार मोठा आहे. नॉर्वेकडे पाहा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तिथल्या मुलींना पाळी यायला सोळा-सतरा वर्षं लागत, असं जुन्या नोंदी सांगतात. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ते वय तेराच्या आसपास आलं. इंग्लंडच्या जेम्स टॅनर यांनी युरोपातल्या कितीतरी देशांचे आकडे एकत्र मांडले, तेव्हा उतार सगळीकडे सारखाच दिसला : दर दहा वर्षांना तीन-चार महिने. चार-पाच पिढ्यांत माणसाचा वंश बदलत नाही. बदललं ते ताट, पाणी, घर आणि लेकराच्या अंगावर पडणारं काम. मुलं गिरण्यांतून शाळेत गेली, गटारं झाली, जुलाब-गोवराची सततची आजारपणं हटली, घरातली मुलांची संख्या कमी झाली. १९७३ साली ग्रो हार्लेम ब्रुंटलांड आणि लार्स वालो यांनी ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं की नॉर्वेतला हा उतार आता थांबला आहे. सुबत्ता सगळ्यांपर्यंत पोचली आणि शरीराला आणखी लवकर जाण्याचं कारण उरलं नाही. मुलींच्या पाळीचं वय तपासणाऱ्या याच ब्रुंटलांड पुढे नॉर्वेच्या पंतप्रधान झाल्या आणि नंतर जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुख. देश कसा चाललाय हे लेकींच्या वाढीत दिसतं, असं मी म्हणते ते यासाठी.

साशंक : हा उतार खोटा आहे असं मी म्हणणार नाही. पण तुम्ही त्यावर जेवढं बांधकाम चढवता, तेवढं त्याचं जोतं भक्कम आहे का? एकोणिसाव्या शतकातले आकडे आले कुठून? बऱ्याच ठिकाणी ते सरकारी प्रसूतिगृहांत बाळंतपणाला आलेल्या गरीब बायकांना विचारून घेतलेले आहेत. तिशीतल्या बाईला पहिली पाळी कधी आली हे किती नेमकं आठवणार? आणि अशा रुग्णालयात तेव्हा कोण जात होतं? ज्यांना घरी सुईण परवडत नव्हती त्या. म्हणजे एका टोकाला सगळ्यात हलाखीतल्या बायकांच्या आठवणी आणि दुसऱ्या टोकाला विसाव्या शतकातल्या सरसकट शाळकरी मुली. या दोन टोकांमध्ये रेघ ओढली की ती उभी दिसणारच. दुसरी गोष्ट आनुवंशिकतेची. जुळ्या बहिणींच्या अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलंय की मुलीमुलींमधल्या फरकाचा निम्मा किंवा त्याहून जास्त वाटा जनुकांचा असतो. एकाच वर्गात, एकाच वस्तीत, एकाच भाकरीवर वाढलेल्या दोघींपैकी एकीला अकराव्या वर्षी पाळी येते आणि दुसरीला पंधराव्या. तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त खुपते. उष्ण हवेत मुली लवकर वयात येतात, हेही एके काळी पंडित छातीठोकपणे सांगत. युरोपात तो सिद्धान्त होता आणि आपल्याकडे त्याचा आधार बालविवाहाला मिळाला. मुलीच्या शरीराकडे बोट दाखवून समाजाबद्दल मोठी विधानं करण्याची खोड जुनी आहे.

आग्रही : हवेचा सिद्धान्त कसा कोसळला, तेही सांगा ना. मँचेस्टरचे डॉक्टर जॉन रॉबर्टन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात देशोदेशीच्या नोंदी जमवल्या, हिंदुस्थानातल्याही जमवल्या आणि मांडलं की हवेमुळे पडतो म्हणतात तेवढा फरक मुळात नाहीच. कोवळ्या वयातली लग्नं ही चालीरीतींची करणी आहे, निसर्गाची नाही, असं ते म्हणत. म्हणजे मोजणीमुळेच ती समजूत पडली. मोजणी सदोष असेल तर उपाय आहे अधिक चांगली मोजणी. जुन्या आकड्यांची तुमची शंका मला मान्य आहे. उतार चार वर्षांचा नसेल, अडीच-तीनचा असेल. पण पोलंडमध्ये आठवणींवर विसंबावं लागलं नाही. व्रॉत्सवाफच्या मानवशास्त्रज्ञांनी शाळकरी मुलींची दशकामागून दशक पाहणी केली. तिथं सरकार म्हणत होतं की वर्गभेद संपला. पण शिकलेल्या, शहरी, एक-दोन मुलांच्या घरांतल्या मुली आधी वयात येत होत्या आणि खेड्यातल्या, मोठ्या खटल्यातल्या शेतकऱ्यांच्या मुली मागून. मुलींची शरीरं सरकारी दाव्याशी सहमत नव्हती. पुढे १९८०च्या दशकात देशावर आर्थिक संकट आलं, मांस रेशनवर गेलं, आणि आधी वेगानं उतरणारं वय तिथं थबकलं. जनुकं तीच, देश तोच, शाळा त्याच. म्हणून जुळ्या बहिणींचा मुद्दा इथं लागू पडत नाही. एकाच परिस्थितीत वाढलेल्या दोघींमध्ये फरक का, याचं उत्तर जनुकं देतात. एक अख्खी पिढी आईच्या पिढीपेक्षा पुढे का सरकली, याचं देत नाहीत. आपल्याकडेही तेच. २००५च्या सुमारास देशभर झालेल्या पाहणीत सरासरी निघाली पावणेचौदा वर्षांच्या आसपास, आणि तीस वर्षांच्या अंतरानं जन्मलेल्या बायकांमध्ये फरक जेमतेम दोन-तीन महिन्यांचा. पण पुण्यातल्या सुस्थितीतल्या घरांतल्या मुलींचं वय साडेबाराच्या आसपास भरतं. एकाच देशात एका वर्षाहून मोठी दरी. ती वंशाची नाही, ताटाची आहे.

साशंक : ठीक. ताट पुढे आणतं, असं धरू. मग तुमचा सिद्धान्त सोपा झाला : लवकर पाळी म्हणजे सुबत्ता, उशिरा पाळी म्हणजे हलाखी. आता मी तुम्हाला अमेरिकेत नेते. १९९७ साली मार्शा हर्मन-गिडन्स यांनी सतरा हजार मुलींच्या तपासण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. गोऱ्या मुलींमध्ये स्तनांची वाढ सरासरी दहाव्या वर्षाच्या सुमारास सुरू होत होती, कृष्णवर्णीय मुलींमध्ये नऊ पुरी व्हायच्या आतच. त्या देशात जास्त सुखात कोण होतं? २०२४ साली अमेरिकेतल्याच एकाहत्तर हजारांवर बायकांचा अभ्यास आला. १९५० ते ६९ मध्ये जन्मलेल्यांना पाळी सरासरी साडेबाराव्या वर्षी आली, २०००नंतर जन्मलेल्यांना बाराच्याही किंचित आत. आणि हा उतार जास्त तीव्र होता तो कमी उत्पन्नाच्या आणि अल्पसंख्याक समूहांतल्या बायकांमध्ये. ब्रिटनमध्येही या शतकाच्या आरंभी जन्मलेल्या मुलींपैकी गरीब घरांतल्या मुलींना अकराव्या वर्षापर्यंत पाळी आलेली असण्याची शक्यता श्रीमंतांपेक्षा जास्त निघाली. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी श्रीमंताची लेक आधी वयात येत होती, आज गरिबाची येते. जे माप आज एक सांगतं आणि उद्या बरोबर उलटं सांगतं, त्यावरून समाजाची अवस्था वाचायची कशी? बारा हा आकडा ऐकून तुम्ही आनंद मानायचा की काळजी करायची?

आग्रही : आकडा एकटा ऐकून दोन्ही करायचं नाही. ताप आहे एवढंच थर्मामीटर सांगतं. मलेरिया की टायफॉइड, हे रोग्याला तपासून कळतं. म्हणून कोणी थर्मामीटर फेकून देत नाही. आधी शरीराचं काम कसं चालतं ते पाहू. मेंदूतला हायपोथॅलॅमस लहानपणभर शांत असतो. तो जागा झाला की ठरावीक अंतरानं संप्रेरकांचे झोत सुटतात आणि बीजकोष कामाला लागतात. हे कधी सुरू करायचं याचा अंदाज शरीर अनेक खुणांवरून घेतं. रोझ फ्रिश यांनी १९७०च्या सुमारास म्हटलं की एका ठरावीक वजनाला पोचल्याशिवाय पाळी येत नाही. ते सूत्र फार ढोबळ ठरलं, पण १९९४ साली लेप्टिन सापडलं तेव्हा त्यांच्या म्हणण्यातलं सत्य उजेडात आलं. चरबीच्या पेशींतून निघणारं हे संप्रेरक मेंदूला कळवतं की साठा पुरेसा आहे. पुरेसा नसेल तर मेंदू थांबतो. एकोणिसाव्या शतकातल्या गरीब मुलीचं शरीर तेच करत होतं. आज अमेरिकेतल्या गरीब वस्तीत भूक आहे तीही वेगळी : स्वस्त मिळतं ते गोड पेय, तळलेलं, पाकीटबंद. ताजी भाजी महाग, खेळायला जागा नाही, गल्ली धोक्याची. तिथं गरिबीमुळे वजन वाढतं. म्हणजे गरिबीनं दिशा बदलली, शरीरानं नियम बदलला नाही. दोन्ही वेळा ते आपल्या अवतीभवतीचं जग वाचूनच वागलं.

आणि आपल्या लेकींचं एक उदाहरण यात सगळ्यात बोलकं आहे. भारतातून स्वीडनमध्ये दत्तक गेलेल्या मुलींचा अभ्यास तिथल्या डॉक्टरांनी १९९१ साली प्रसिद्ध केला. १०७ मुली. त्यांना पाळी सरासरी साडेअकराच्या थोडं पुढे आली. स्वीडिश मुलींना तेराव्या वर्षी येत होती, भारतातल्या सुखवस्तू मुलींना साडेबारा-पावणेतेराला. एकीला तर आठ पुरी व्हायच्या आत आली. इथं राहिल्या असत्या तर उशीर झाला असता. तिथंच जन्मल्या असत्या तरी एवढी घाई झाली नसती. आधी उपासमार आणि मग एकदम भरलेलं ताट, या क्रमानं शरीर असं पळालं. त्याची किंमतही पडली. पाळी सुरू झाली की हाडांची वाढ थोड्याच काळात मिटते. या मुलींची उंची सरासरी १५४ सेंटीमीटरवर थांबली. नुसतं ताट मोजून भागत नाही. ताटाचा इतिहास मोजावा लागतो.

साशंक : हे उदाहरण मी मनापासून मानते. कारण त्यात दोष कोणावर ठेवलेला नाही. पण तुमच्या बाजूचे अनेक जण इथं थांबत नाहीत. १९९१ सालीच बेल्स्की, स्टाइनबर्ग आणि ड्रेपर यांनी मांडलं की बालपणी घरात कलह असेल, माया नसेल, वडील नसतील, तर मुलगी लवकर वयात येते. जग बेभरवशाचं आहे हे ओळखून शरीर घाई करतं. ही कल्पना वाऱ्यासारखी पसरली. तिचा अर्थ आपल्याकडे काय निघेल याचा विचार करा. नवऱ्यानं टाकलेली बाई, विधवा, एकटी राबून घर चालवणारी आई, हिच्या माथी आता आणखी एक ठपका : तुझ्या घरात पुरुष नाही म्हणून लेक लवकर मोठी झाली. आणि पुरावा किती पक्का आहे? जिला स्वतःला पाळी लवकर आली, तिचं लग्न लवकर होण्याची, मूल लवकर होण्याची, संसार मोडण्याची शक्यता जास्त. आणि लवकर पाळीची जनुकंही तीच लेकीला देते. मग वडील नसल्यामुळे पाळी लवकर आली, की दोन्ही एकाच मुळातून आलं?

फिनलंडचा दाखला देतात. दुसऱ्या महायुद्धात सत्तर हजारांच्या आसपास फिनिश मुलं आईबापांपासून तोडून स्वीडन-डेन्मार्कला पाठवली गेली. त्यांतल्या मुलींना घरी राहिलेल्यांपेक्षा पाळी लवकर आली. यातून विरहाचा परिणाम दिसतो म्हणतात. पण युद्धाबाहेरच्या स्वीडनमध्ये त्यांना जेवण बरं मिळत होतं, ते? तुमचंच ताटाचं तत्त्व लावलं तर विरहाला श्रेय द्यायची गरजच उरत नाही. उलट युद्धात होरपळलेल्या जपानमध्ये पाळी मागे गेली. तिथं ताण कमी होता का? आपल्याकडे ज्या मुली सगळ्यात जास्त असुरक्षिततेत वाढतात, त्यांना पाळी उशिरा येते. ताणाच्या सिद्धान्तानं याचं उत्तर द्यायला हवं.

आग्रही : उत्तर असं देता येईल की भूक आणि भीती दोन्ही एकाच वेळी असतील तर भुकेचं चालतं. साठाच नसेल तर घाई करूनही उपयोग नाही. पोट भरल्यावर मग भीतीला बोलायला वाव मिळतो. पण हे अनुमान आहे आणि ते तुमच्यावर लादण्याइतका पुरावा माझ्याकडे नाही, हे मी उघड सांगते. एकट्या आईवर ठपका ठेवण्याबद्दल तर मी पूर्ण तुमच्या बाजूला आहे. एकट्या आईच्या घरात खरोखर कमी काय असतं? पैसा, वेळ, सुरक्षित भाड्याची खोली. ती कमी समाजानं केलेली आहे.

पण एक गोष्ट आपण दोघींनीही आत्तापर्यंत सरमिसळ केली. वयात येणं ही एक घटना नाही. कोपनहेगनमध्ये १९९१ आणि २००६च्या मुलींची तुलना झाली. स्तनांची वाढ सुरू होण्याचं वय पावणेअकराच्या पुढून पावणेदहाच्या थोडं पुढे आलं, म्हणजे पंधरा वर्षांत जवळजवळ एक वर्ष अलीकडे. आणि पाळी? जेमतेम साडेतीन महिने. दोन्ही गोष्टी एकाच कारणानं हलत असत्या तर जोडीनं हलल्या असत्या. एवढ्या वेळात तिथल्या मुलींच्या वजनातही तसा फरक पडला नव्हता. म्हणून संशय रसायनांकडे जातो : प्लास्टिकमधली, सौंदर्यप्रसाधनांमधली, इस्ट्रोजेनची नक्कल करणारी. मिशिगनमध्ये १९७३ साली आग रोखणारं एक रसायन चुकून जनावरांच्या खाद्यात मिसळलं गेलं. दूध-मांसातून ते माणसांत आलं. ज्या मुलींना ते आईच्या पोटात असताना आणि नंतर अंगावरच्या दुधातून जास्त प्रमाणात मिळालं, त्यांना पाळी इतरांपेक्षा वर्षभरापर्यंत लवकर आली. हा अपघात होता, पण रसायनाचा वाटा कोणाच्या अंगावर पडतो हा प्रश्न अपघाताचा नाही. कारखान्याच्या भिंतीला लागून कोणाची वस्ती असते? फवारणीच्या दिवशी शेतात कोण असतं? आणि कोरोनाकाळातली टाळेबंदी आठवा. इटलीत आणि आपल्या पुण्यातही बालरोगतज्ज्ञांनी नोंदवलं की त्या काळात फार लवकर वयात येणाऱ्या मुलींचं प्रमाण वाढलं. घरात कोंडलेपण, हालचाल बंद, वजन, झोपेचा बिघाड, मनावरचा ताण. यातलं नेमकं कशानं, हे वेगळं काढणं अवघड आहे. पण ती मुलगी एकटीनं तर बदलली नव्हती. तिच्याभोवतीचं सगळं बदललं होतं.

साशंक : आता माझी खरी हरकत सांगते. आत्तापर्यंतच्या शंका अभ्यासाच्या होत्या, ही माणसांची आहे. पाळीच्या वयाची चर्चा समाजात उतरते तेव्हा तिचं काय होतं? आपण महाराष्ट्रात ते एकदा पाहिलेलं आहे. बंगालमध्ये फुलमणी दासी ही दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या जबरदस्तीत मेली आणि सरकारनं संमतिवयाचं विधेयक आणलं. दहाचं वय बारा करायचं, एवढंच. १८९१ साली पुण्यात त्यावर रण पेटलं. टिळकांनी परक्या सरकारच्या हस्तक्षेपाला विरोध केला. रानडे, आगरकर, भांडारकर विधेयकाच्या बाजूनं उभे राहिले. सनातन्यांचा युक्तिवाद काय होता? पहिल्या ऋतूनंतर गर्भाधान झालंच पाहिजे. मुलगी बाराच्या आत ऋतुमती झाली तर कायदा धर्माच्या आड येतो. भांडारकरांना शास्त्रग्रंथ उलगडून दाखवावं लागलं की तसं बंधन नाही. पाहा, मुलीला पाळी कधी येते हा प्रश्न तेव्हा तिच्या आरोग्यासाठी विचारला जात नव्हता. तिच्यावरचा हक्क कधी सुरू होतो, एवढ्यासाठी विचारला जात होता.

आज गर्भाधानाचा संस्कार मागे पडला, पण पद्धत गेली का? ऊसतोडीच्या पट्ट्यात जा. नवराबायकोच्या जोडीला मिळून एक कोयता धरतात, उचलही जोडीवर मिळते. आईबाप सहा महिने फडावर. वयात आलेली पोर गावी कोणाच्या भरवशावर ठेवायची? मग शाळा सुटते आणि लग्न उरकतं. त्या घरात पाळी एक वर्ष अलीकडे आली, तर बालपणाचं एक वर्ष गेलं. बांगलादेशात एरिका फील्ड आणि अटिला अँब्रस यांनी २००८ साली हेच मोजलं : जिथं पाळीआधी लग्न करत नाहीत पण पाळी येताच स्थळं पाहतात, तिथं पाळी जितकी उशिरा, तितकं लग्न लांबतं आणि मुलगी तितकी जास्त शिकते. म्हणून मला भीती वाटते. ‘हल्ली मुली लवकर वयात येतात’ हे वाक्य डॉक्टरच्या खोलीतून बाहेर पडतं तेव्हा ‘मग लग्नही लवकर केलेलं बरं’ या वाक्यापर्यंत पोचायला त्याला वेळ लागत नाही. शहरात त्याचं दुसरं रूप दिसतं. आई धावत येते : दूध बंद करू का, चिकन बंद करू का, पाळी थांबवायचं इंजेक्शन द्या. दहा वर्षांच्या निरोगी मुलीला आपल्यात काहीतरी बिघडलंय असं वाटू लागतं. तुमच्या मोजणीचा भार शेवटी तिच्याच अंगावर पडतो.

आग्रही : भीती खरी आहे. पण न मोजण्याचा भार कोणावर पडतो, तेही पाहा. आपल्या शाळांत पाळीबद्दल बोलायचंच झालं तर ते बहुधा सातवी-आठवीत. तोवर वर्गातल्या कितीतरी जणींना ती येऊन गेलेली असते. पाचवीतल्या मुलीला अचानक रक्त दिसतं आणि तिला वाटतं, आपण मरणार. तिला आधी कोणी सांगितलं नाही, कारण मोठ्यांच्या डोक्यात त्यांच्या स्वतःच्या पाळीचं वय पक्कं बसलेलं असतं. २०१८ साली राज्यानं अस्मिता योजनेतून जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या मुलींना स्वस्तात पॅड देण्याचं ठरवलं, चांगलं केलं. पण पॅड कोणत्या इयत्तेपासून लागतात हे वय माहीत असल्याशिवाय कसं ठरवणार? आठच्या आत वयात येण्याची लक्षणं दिसली तर डॉक्टरांकडे न्यायला हवं आणि दहाव्या-अकराव्या वर्षी दिसली तर घाबरायचं नाही, हेही मोजणीनंच कळलं. इंजेक्शनसाठी धावणाऱ्या आईला धीर द्यायलासुद्धा आकडाच लागतो. शिवाय दूरचे परिणाम आहेत. ११७ अभ्यास एकत्र करून २०१२ साली मांडलं गेलं की पाळी दर एक वर्ष अलीकडे आली तर पुढे स्तनाच्या कर्करोगाचा धोका सुमारे पाच टक्क्यांनी वाढतो. एका मुलीच्या बाबतीत हा फरक लहान आहे, पण अख्खी पिढी वर्षभर पुढे सरकली तर रुग्णालयांना तो जाणवेल. आणि आणखी एक : दहा वर्षांची मुलगी शरीरानं चौदाची दिसू लागली की मोठी माणसं तिच्याशी चौदाची असल्यासारखी वागतात. तिचं मन मात्र दहाचंच असतं. तिला जपायचं तर आधी हे घडतंय हे मान्य करावं लागेल.

साशंक : मग आपण दोन प्रश्न वेगळे करू, कारण ते एकत्र राहिले की दोन्ही बिघडतात. पहिला : हे वय का सरकतं? त्याची उत्तरं तुम्ही दिलीत आणि ती एक नाहीत. अन्न, आजारपण, श्रम, वजन, रसायनं, कदाचित ताण. कुठं सुबत्ता बोलते, कुठं वंचना. दुसरा प्रश्न : या वयावर मुलीचं आयुष्य का ठरावं? ओस्लोच्या मुलीला पाळी वर्षभर आधी आली तर तिचं काय जातं? थोडी अस्वस्थता, पुढचा थोडा धोका. पण तिची शाळा जात नाही, खेळ जात नाही, नवरा शोधला जात नाही. तेच एक वर्ष मराठवाड्यातल्या एका घरात सगळं घेऊन जातं. शरीर सरकलं तेवढंच. नुकसान किती होणार, ते शरीराभोवतीच्या रीतीनं ठरवलं. तुम्ही पहिल्या प्रश्नावर संशोधकांच्या पिढ्या लावाल. मला भीती आहे की दुसऱ्यावर कोणी बसणार नाही, कारण त्यासाठी मेंदूत बघावं लागत नाही, घरात बघावं लागतं.

आग्रही : वेगळे करा, पण तोडू नका. कारण दोन्ही प्रश्न एकाच मुलीच्या अंगावर येऊन भेटतात. जी गरिबी तिच्या ताटात डोकावते, तीच तिच्या लग्नाची तारीख काढते. आणि आपल्याकडे आता नवीन वळण येतंय. तालुक्याच्या गावीही स्वस्त पाकीटबंद खाणं पोचलं, उपाशी बालपणानंतर एकदम वाढणारं वजन दिसू लागलं, स्वीडनमधल्या त्या मुलींचा क्रम आता इथल्या इथं घडू शकतो. म्हणजे पाळीचं वय आपल्याकडे सगळ्यात झपाट्यानं उतरण्याची शक्यता अशाच घरांत आहे, जिथं पाळीनंतर मुलीचं जग सगळ्यात झपाट्यानं आखडतं. ही गाठ दिसण्यासाठी तरी दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून मोजायला हव्यात. शाळेत उंची-वजन नोंदवतात, तसं हेही नोंदवावं असं माझं मत आहे.

साशंक : इथं मी अजूनही तुमच्याशी सहमत नाही. उंचीच्या वहीवरून कोणी स्थळ पाहायला येत नाही. ज्या गावात सगळे सगळ्यांना ओळखतात, तिथं अशी नोंद कोणाच्या हाती राहील, कोण वाचेल, याची हमी मिळाल्याशिवाय ती शाळेच्या कपाटात असू नये. संशोधकांनी नाव न लिहिता, मुलीच्या आणि आईच्या संमतीनं विचारावं, तेवढं पुरे.

आग्रही : नोंद कोणी ठेवायची यावर आपला वाद राहू दे. बोलायचं कधी, यावर तरी राहू नये. चौथी-पाचवीत, पाळी येण्याच्या आधी, मुलींशी आणि मुलग्यांशीही.

साशंक : त्यावर वाद नाही. आणि घरोघरी ठेवायचा एक आकडा मीच देते. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या दर शंभर बायकांपैकी जवळजवळ बावीस जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. त्यांना पाळी बाराव्या वर्षी आली की चौदाव्या, हे शोधताना हेही विचारायला हवं की पाळी आली त्या दिवशी घरात पहिलं बोलणं कशाचं निघालं. लेक वयात आली की ते लग्नाचं निघू नये. दुसऱ्या दिवशी शाळेत जायला तिला काय लागेल, एवढंच विचारा.